नातवंडांचे ताट

दिमोना असो वा लोद, नातू सडपातळ दिसला की आम्हां आजी-आजोबांचा जीव कासावीस! "पोर हडकलं गं, वाढ अजून!" कोकणात आम्ही शाळेला चालत जायचो, म्हणून खाल्लेले जिरायचे. इथे पोरे शाळेतून येऊन स्क्रीनपुढे बसतात, हातात शोको, झोप उशिरा. मलिद्याला दोष नको, तो काय रोज होतो? गोड पेये मात्र रोजची. आपल्या भारतीयांना तर मधुमेह कमी वजनातही गाठतो. घरोघरी गोळ्या आहेतच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हुंदडावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाड मुलाला चिडवून मात्र काही होत नाही, उलट तो चोरून खातो.

बाळांनो, २०२० पासून इस्रायलात जादा साखरेच्या पाकिटांवर लाल चिन्ह असते. बारीक हिब्रू अक्षरे आम्हांला दिसत नाहीत. दुकानात चिन्ह तुम्हीच शोधून द्या हं.