आजारापूर्वीचे औषध

११ डिसेंबर २०२२ रोजी आमच्या धारगळ गावी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले, याचा आम्हां विद्यार्थ्यांस अभिमान वाटतो. तथापि रुग्णालय जवळ असणे आणि गाव निरोगी असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हा भेद ओळखून वागलेले एक डॉक्टर दांपत्य शेजारच्या महाराष्ट्रात होऊन गेले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे वेल्लोर येथे वैद्यक शिकले, अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली दुष्काळी जामखेड हे आपले कार्यक्षेत्र मानले. रोगी बरा करून पुन्हा त्याच अशुद्ध पाण्याकडे धाडण्यात काय हशील? म्हणून त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शुद्ध पाणी, मुलांचा आहार, लस, बाळंतपणातील स्वच्छता यांचे ज्ञान त्यांनी घरोघरी पोहोचविले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आमच्याकडे पावसाळ्यात परसातल्या करवंटीत पाणी साचते. त्यात अंड्यापासून उडता डास व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात. दर रविवारी करवंट्या पालथ्या घालावयास कोणती पदवी लागते? निरक्षर मातांना जे साधले, ते शाळेत जाणाऱ्या आम्हां मुलांना खचितच साधेल.