म्हसवडचा घरचा रेडिओ

सातारा जिल्ह्यात माणगंगेकाठच्या म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलात, तर तिथल्या रेडिओचीही हकिगत ऐका. मुलूख कायमचा दुष्काळी. इथल्या बायांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. २००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची मुभा दिली, आणि २००८ साली त्याच माणदेशी परिवाराची 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४ वर बोलू लागली. अशा केंद्राचा टप्पा जेमतेम १०-१५ किलोमीटरचा. पण दूरच्या केंद्राला आपल्या शिवाराची खबर कुठून असणार? चाऱ्या-पाण्याचा सल्ला परक्या भाषेत आला की कानाआड जातो, शेजारणीच्या तोंडून आला की पटतो. तुमच्या भागात असे केंद्र असेल, तर नुसते ऐकू नका, जाऊन बोलाही.