तामालचं माहेर कोणतं?

मैत्रिणींनो, मेक्सिकोतला ‘तामाल’ म्हणजे आपल्या पातोळ्यांचा लांबचा भाऊबंदच! मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटायचा नि मक्याच्या पानात गुंडाळून वाफवायचा, ही तिथली प्राचीन रीत. १५२१ मध्ये स्पॅनिश सत्ता आली. त्यांनी आणलेल्या डुकरांची चरबी त्याच पिठात फेसली जाऊ लागली, नि आज त्यालाच ‘अस्सल’ म्हणतात!

‘आमच्याकडे असं नाही करत’ हे ऐकत ऐकत माहेरच्या कितीतरी चवी माझ्या हातून गेल्या. आता विचारायला आई नाही. पण सासरच्या उपासाच्या खिचडीतले बटाटा, मिरची, शेंगदाणे तरी कुठले? मूळचे अमेरिका खंडातलेच! तेव्हा सूनबाईनं माहेरची चव आणली, तर आधी चाखून तर बघा.