न आलेल्या गाडीची वाट

"अहो, सारखं मागे काय बघताय?"

बायकोने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ओल्बेरा सोडल्यापासून दर मिनिटा-दोन मिनिटांनी माझी मान आपोआप उजवीकडे वळते आहे. कर्वे रस्त्यावर आधी सायकल आणि मग स्कूटर चालवण्यात चाळीस वर्षं घालवलेली मान ती. मागून पीएमटी येतेय का, शेजारून रिक्षा घुसतेय का, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. इथे मागे काहीच नव्हतं. पांढरट पिवळा मुरमाड रस्ता, दोन्ही अंगांना ऑलिव्हची झाडं आणि लांब टेकडीवर चुन्याने रंगवलेलं ओल्बेरा गाव. घरांच्या वर चर्च, शेजारी किल्ला. आवाज म्हणाल तर आमच्याच चाकांखाली खडी चुरचुरण्याचा.

मुलगी मालागाला नोकरी करते. तिने दीड तास गाडी चालवून आम्हाला दक्षिण स्पेनच्या या डोंगरात आणून सोडलं आणि "उद्या संध्याकाळी इथेच येते" असं सांगून ती निघून गेली. आमच्या हवाली दोन भाड्याच्या सायकली. मला ग्रॅव्हल सायकल, म्हणजे वाकडं हँडल, जाड टायर. लहानपणी आम्ही सासवडच्या कच्च्या रस्त्यावर ॲटलास दामटायचो त्याला आता असं नाव आणि अशी किंमत आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बायकोने मात्र शहाणपणाने बॅटरीची सायकल घेतली. मार्चचा मध्य होता, सकाळी हवेत गारवा होता, आणि पोटात ऑलिव्हचं तेल व किसलेला टोमॅटो लावलेला पाव होता.

वाटेचं नाव बिआ बेर्दे दे ला सिएर्रा, डोंगरातली हिरवी वाट. ओल्बेरा ते प्वेर्तो सेर्रानो, 36 किलोमीटर. स्पेनमध्ये 1993 पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा करायला सुरुवात झाली आणि आज त्या 3000 किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत. पायी चला, सायकल चालवा, घोड्यावरून जा, मोटारींना मज्जाव. पण बाकीच्या बहुतेक वाटांवरून निदान कधीकाळी गाड्या धावल्या होत्या. इथे एकही नाही. 1920 च्या दशकात, प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत, हेरेस ते आल्मार्खेन असा मार्ग ठरला, डोंगर फोडले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग पैसा आटला, 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि सगळं होतं तिथेच थांबलं. 30 बोगदे आणि चार मोठे पूल गाडीची वाट बघत राहिले.

आमच्याकडे माळशेजमार्गे कल्याण-नगर रेल्वे आजोबांच्या काळापासून येते आहे. पण ती निदान कागदावरच अडकली, कुणाला फुकट बोगदे खणावे लागले नाहीत. इथे माणसांनी सुरुंग लावून जवळपास एक किलोमीटर लांबीचा बोगदा आरपार काढला, आणि त्यातून पहिल्यांदा गाडी जायची ती गेलीच नाही.

या सगळ्याचा फायदा झाला माझ्या डाव्या गुडघ्याला. गुडघा साठीचा आहे आणि डॉक्टरांनी चढ वर्ज्य सांगितले आहेत. पण रेल्वेच्या इंजिनालाही चढ सोसत नाही. बोरघाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे, तर तेवढ्यासाठी कर्जतला बँकर, म्हणजे लोणावळ्यापर्यंत मागून ढकलणारं जादा इंजिन, जोडावं लागतं. म्हणून आगगाडीसाठी आखलेली वाट डोंगराच्या अंगावर कधी चढत नाही. वळसा घेते, नाहीतर सरळ पोटातून जाते. आजूबाजूला घाट, दऱ्या, कडे, आणि आमची वाट मात्र परातीत पाणी फिरावं तशी अलगद उतरत चाललेली. असा डोंगर मी सायकलवरून दुसरीकडे कुठे पार केला नसता.

बोगद्यांचं एक सांगितलं पाहिजे. लांब बोगद्यांमध्ये माणूस आत शिरला की आपोआप लागणारे दिवे आहेत. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. भाड्याच्या सायकलीचा पुढचा दिवा चालतो की नाही हे मी तपासलं नव्हतं, आणि देणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. एका वळणदार बोगद्यात दिवे लागले, आम्ही मधोमध आलो आणि फट्‌कन विझले. माझा दिवा मेलेलाच. मागचं तोंड दिसेना, पुढचं अजून आलेलं नव्हतं. थंडगार हवा, छतातून मानेवर पडलेला एक थेंब, आणि कुठेतरी पारव्यांची फडफड. मी दोन्ही पाय टेकून उभा राहिलो आणि "कुठे आहेस गं?" असं ओरडलो. तेच वाक्य चार वेळा उलटं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "तुमच्या हातभर मागे." तिच्या सायकलचा दिवा शाबूत होता, फक्त तिला तो लावायचं बटण सापडत नव्हतं.

पुढे पंक्चर झालं. वाटेकडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं माजलेली होती. फोटो काढायला मी त्यात चाक घातलं. टायरमधून पांढरं, चिकासारखं काहीतरी बुडबुडत बाहेर यायला लागलं. मला पंक्चर म्हणजे ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवणं एवढंच ठाऊक. या टायरमध्ये ट्यूबच नव्हती. तेवढ्यात बांधावरून एक आजोबा उतरले. डोक्यावर कापडी टोपी, हातात रानातल्या शतावरीच्या कोंबांची जुडी. पेन्सिलीपेक्षा बारीक, हिरवेजांभळे कोंब. मार्चमध्ये पाऊस झाला की इकडे माणसं पिशवी घेऊन हे वेचत हिंडतात, आपल्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा-कुरडू खुडतात तशी. आजोबा म्हणाले, "त्रांकीलो." एवढं कळलं: शांत राहा. त्यांनी नखाने काटा उपटला, चाक फिरवून भोक बरोबर जमिनीकडे आणलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आतला चीक खाली जमला, दोन-चार बुडबुडे आले आणि बंद झाले. मग बोटाने पंप मारायची खूण केली. मी पंप मारला. संपलं. निघताना त्यांनी अर्धी जुडी बायकोच्या टोपलीत टाकली. रात्री खानावळीतल्या बाईंनी ते कोंब अंड्यात परतून दिले. चव कडवट, कारल्याच्या आसपासची. मला फार आवडली, तिला नाही.

अर्ध्या वाटेवर साफ्रामागोन नावाचा एक सुटा कडा आहे. त्याच्या समोरच्या स्टेशनात, म्हणजे गाडी न पाहिलेल्या स्टेशनात, आता गिधाडांचं माहिती केंद्र आहे, कारण त्या कड्यावर त्यांची मोठी वसाहत आहे. ऊन तापायला लागलं होतं. माझ्या हँडलवरून एक सावली सरकली, मग दुसरी. वर बघितलं तर पंख न हलवता फिरणारी बारा-पंधरा गिधाडं. पंखांचा पसारा अडीच मीटरच्याही वर, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. एक इतकं खाली आलं की पंखांमधून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज आला.

मी सायकल आडवी टाकली आणि तिथेच बसलो. लहानपणी सासवडला गावाबाहेरच्या माळावर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची. भांडायची, इतकी खायची की मग उडता यायचं नाही, धावत सुटायची. 1990 च्या दशकात ती कधी नाहीशी झाली, आम्हाला कळलंसुद्धा नाही. पुढे कारण सापडलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुराचं मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर फारच थोडी उरली होती. आणि युरोपातली बहुतेक गिधाडं सांभाळणाऱ्या स्पेनने हेच औषध 2013 मध्ये गुरांसाठी मंजूर केलं. हे मी वाचलं होतं, पण ती डोक्यावर फिरत असताना आठवलं तेव्हा राग आला.

प्वेर्तो सेर्रानोला पोचेपर्यंत गुडघा ठणकायला लागला होता. रात्री खोलीत मी मलम चोळत होतो. बायकोने ट्यूब हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "अहो, हेच ना ते?"

हेच ते. माणसांना चालतं. गुडघ्याचा ठणका थांबला, झोप मात्र उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी तेच 36 किलोमीटर, पण उलटे, म्हणजे चढाचे. काल ज्याला मी परातीतलं पाणी म्हणत होतो त्याने आज दम काढला. टक्का-दोन टक्क्यांचा चढ डोळ्यांना दिसत नाही. पायांना मात्र सतत कुणीतरी मागून शर्ट धरून ठेवल्यासारखं वाटतं. कोरिपेचा पूल आला, काल मी त्यावर थांबून खाली बराच वेळ बघितलं होतं. आज बघितलं नाही. साफ्रामागोनला पाणी प्यायलो. त्यापुढे ओल्बेरा अधूनमधून दिसायला लागलं आणि वळणावळणाला तेवढंच लांब राहिलं. बायको बॅटरीच्या जोरावर शेजारून गुणगुणत चालली होती. एका जागी तिने काही न बोलता उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि ढकलायला लागली.

"कर्जतचा बँकर," मी धापा टाकत म्हणालो.

"बोलू नका, पाय मारा."

असे आम्ही तीन बोगदे चढलो. शेवटच्या वळणावर ऑलिव्हच्या झाडांमधून स्टेशनची इमारत दिसली. तिने हात काढून घेतला, "लोणावळा आलं" म्हणाली, आणि मला मागे टाकून पुढे निघून गेली.