केशोरीच्या वाटेवर ट्रॉली

नवेगावबांध म्हटले की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवतात. तलाव, पाखरे, रानातल्या वाटा आणि वनाधिकाऱ्याचा एकांत. मीही विद्यार्थ्यांना हा परिसर त्यांच्याच पुस्तकांतून दाखवीत आलो आहे. गंमत अशी की मी स्वतः याच भागातला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, केशोरीकडच्या एका लहान गावाचा. गाव सुटून आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. धाकटा भाऊ तिथेच शेती करतो. आज लिहायचे आहे ते मात्र पाखरांबद्दल नव्हे, ट्रॉलीबद्दल.

डिसेंबर 2022 ची गोष्ट. चुरणे आटोपले होते, धान कट्ट्यांत भरून पडवीत रचले होते. वडिलांच्या मागे शेत आम्हा दोघांच्या सामाईक नावावर आहे, सातबारा एकच. आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालायचे तर दुसऱ्या खातेदाराचे संमतीपत्र लागते. दरवर्षी मी ते सही करून पाठवून देत असे. त्या वर्षी स्वतः गेलो. भावाला सांगितले की पुष्कळ दिवसांत येणे झाले नाही म्हणून आलो. खरे कारण वाटणीचे होते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता आणि माझ्या वाट्याच्या बांध्या विकाव्यात असे आमच्या घरात हळूहळू ठरत आले होते. हे भावाच्या घरात, त्याच्या बायकोपोरांसमोर बोलणे मला जमेना. म्हणून तो धान घेऊन निघाला तेव्हा ‘मीही येतो’ म्हणालो. वाटेत दोघेच असू, बोलता येईल, असा हिशेब.

ट्रॉलीत 102 कट्टे होते, चाळीस किलोंचा एक. म्हणजे 40 क्विंटल 80 किलो. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव 2,040 रुपये क्विंटल होता. एकूण 83 हजारांचा माल. दारात येणारा व्यापारी यातले बरेच पैसे कमी करूनच बोलत होता. केंद्रावर पहाटे रांगेत नंबर लागावा म्हणून आम्ही संध्याकाळीच निघालो. भाऊ स्टेअरिंगवर, त्याच्या ओळखीचा एक मजूर मुलगा मागे कट्ट्यांवर आणि मी मडगार्डवर, एका हाताने लोखंडी कठडा धरून. ट्रॅक्टरच्या आवाजात बोलणे शक्यच नसते हे मी विसरलो होतो. वाटणीचा विषय पहिल्याच किलोमीटरला बारगळला.

जंगल लागल्यावर आठ-नऊ किलोमीटरांनी भावाने एकाएकी वेग कमी केला. मला काही कळले नाही. त्याने मान मागे वळवून कान दिला, ट्रॅक्टर थांबवला, पण बंद केला नाही.

“दादा, उतर. चाक बसलं.”

ट्रॉलीचे डावे चाक वरच्या बाजूने आत कलले होते. हबमधून जळक्या ग्रीसचा वास येत होता आणि हात जवळ नेला तर धग लागत होती. भावाने उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावले, मगच ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झाले. इतके शांत की पानांवरून दव टपकल्याचा आवाज येत होता.

पुढचे चार तास जे चालले त्याचे शास्त्र मला त्या रात्री कळले. आमची ट्रॉली दोन चाकांची, एकाच आसाची. तिचा सगळा भार चाकांवर नसतो. काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो आणि तोल त्यावरच सांभाळलेला असतो. चाक खोलायचे तर जॅक लावायचा, जॅक लावायचा तर आधी ओझे उतरवायचे, कारण चार टन धानाखाली तो छोटा जॅक कडेच्या मुरमात रुतून बसला असता. मी कॉलेजातला माणूस. आपणही काही करावे म्हणून जवळ पडणारे पुढच्या बाजूचे कट्टे ओढू लागलो. भाऊ असा ओरडला की त्याने माझ्यावर आयुष्यात कधी एवढा आवाज चढवला नसेल.

“मांगून काढ, मांगून! पुढून काढशीन तं ट्राली उलार होईन!”

मी कट्टा तसाच सोडला. पुढचे वजन कमी झाले असते तर मागच्या ओझ्याने ट्रॉलीची शेपटी खाली बसली असती, हुक वर उचलला गेला असता, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी झाली असती आणि त्या उतारावर सगळेच घसरले असते. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी हे काहीच नव्हते. ‘उलार’ हा शब्द होता.

इथे थोडे विषयांतर करतो; वाचकांनी सोसावे. ग्रामीण साहित्याचा पेपर मी बरीच वर्षे शिकवतो आहे. त्यात माझे एक आवडते व्याख्यान आहे. मराठी कथा-कादंबरीत बैलगाडी किती तपशिलाने आली आहे, आस, तुंबा, आरे, धाव, जू, वंगण ही सारी शब्दसंपदा कशी जपली गेली आहे, आणि याउलट ट्रॅक्टर आला तो परका म्हणून कसा आला, असे मी सांगतो. उदाहरण ठरलेले: आनंद यादवांची ‘गोतावळा’, 1971. नारबाच्या बाजूने पाहिले तर त्याच्या भोवतीच्या जित्राबांचे जग मोडून टाकणारी वस्तू म्हणजे ट्रॅक्टर. ते खरेच आहे आणि कादंबरी थोर आहे. पण पुढे मी एक वाक्य जोडत असे की यंत्राने खेड्याला शब्द दिले नाहीत, नुसते हुक, पिन आणि बेअरिंग दिले. मुले वहीत उतरवून घेत. बैलगाडीचे ओझे मागे जड झाले की ती ‘उलाळ’ झाली असे म्हणतात, हा शब्द तर मी ‘लुप्त होत चाललेले शब्द’ या यादीत देत असे. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. तोच शब्द, जिवंत, घाईतला, भावाच्या तोंडून माझ्या अंगावर आला होता. तो लुप्त वगैरे काही झालेला नव्हता. बंडी गेली आणि तो ट्रॉलीवर चढून बसला. लुप्त झाला होता तो माझ्या कानांपुरता. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. त्यांचे लेखन मी संदर्भासाठी वापरतो, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढतो. घरी फोनवर मात्र भावाशी प्रमाण मराठीत बोलतो. सवय झाली आहे म्हणा, दुसरे काय.

आणि ट्रॉली आमच्याकडे परकी तरी कुठे राहिली आहे? गावातली लग्नाची वरात तिच्यातून जाते. हंगामात देसाईगंज-वडशाच्या कंपन्यांचे नाटक आसपास लागले की बायापोरांसह अख्खे गाव तिच्यात तणस अंथरून बसते आणि पहाटे पेंगत परतते. 2018 च्या पावसाळ्यात वडिलांना दवाखान्यात नेले ते याच ट्रॉलीतून, गादी टाकून, वर ताडपत्री धरून. मी तेव्हा गोंदियाहून निघालो होतो, वेळेवर पोचलो नाही. अशी वस्तू माझ्या वाचनातल्या साहित्यात का आली नसावी याचे उत्तर मला देता येत नाही. बहुधा लिहिणारे माझ्यासारखे गाव सोडून गेलेले असतात आणि त्यांच्या मनातले गाव ते सोडले त्या वर्षी थांबलेले असते.

असो. कट्टे उतरले. जॅकखाली फाळक्याची फळी सरकवून चाक उचलले, नट काढले, हब ओढला. आतले बेअरिंग उरलेच नव्हते. रोलर चुरून काळ्या ग्रीसमध्ये खडे मिसळावेत तसे पडले होते आणि त्यांनी आसाचे टोक खरवडून टाकले होते. भावाने ते मोबाईलच्या उजेडात बोटावर घेऊन पाहिले आणि फडक्याला हात पुसला. दुकाने सकाळशिवाय उघडणार नव्हती.

“आवाज येत होता का आधी?” मी विचारले.

“येत होता ना. दिवाळीपासून येत होता.”

मग तो काही बोलला नाही. मलाही पुढे विचारायचे धाडस झाले नाही, कारण मला आठवले होते. दिवाळीत त्याचा फोन आला होता. ट्रॉलीचे काम निघाले आहे, दहाएक हजार होतील का, धान विकल्यावर देतो, असे तो म्हणाला होता. मी ‘पाहू’ म्हणालो होतो. आमच्याकडे ‘पाहू’चा अर्थ काय होतो हे दोघांनाही ठाऊक असते. त्याने पुन्हा विचारले नाही. टायर जुने होते, पाटे बदलायचे होते, त्या सगळ्याचे मिळून दहा. नुसत्या बेअरिंगचे काम दीड-दोन हजारांत झाले असते. एका कवितासंग्रहाच्या प्रकाशनाला जाण्यायेण्यात मी तेवढे खर्च केले होते, त्याच आठवड्यात.

थंडी वाढली तशी दोन काळज्या झाल्या. एक दवाची. केंद्रावर धानाचा ओलावा 17 टक्क्यांहून जास्त चालत नाही. रात्रभर उघड्यावर पडलेले कट्टे वरून भिजले की मापक काय दाखवील ते सांगता येत नाही. ताडपत्री एकच होती आणि ती कट्ट्यांच्या ढिगाला अर्धीच पुरत होती. भावाने अंगावरचे ब्लँकेट काढून टाकले. मी पिशवीतली शाल काढली, कुठल्याशा व्याख्यानमालेत मिळालेली, जरीच्या काठाची. ती पसरताना त्या मजूर मुलाला हसू आवरेना.

दुसरी काळजी हत्तींची. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि 2022 मध्ये आमच्या तालुक्यापर्यंत येऊन गेला. केशोरीच्या भागात झोपड्या मोडल्या, उभी बांधी तुडवली, धानाची पुंजणी विस्कटली. वाघ-बिबट्यांची आमच्या लोकांना सवय आहे. हत्ती ही पिढ्यांनंतर आलेली गोष्ट. आणि आम्ही तर रस्त्याच्या कडेला चार टन धान मांडून बसलो होतो. कळप त्या रात्री कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हते. भावाने शेकोटी पेटवली. तिच्याशी बसून तो मध्येच म्हणाला,

“दादा, वाटनीचं बोलाले आलास ना?”

मी ‘नाही’ म्हणालो. सरळ खोटे बोललो. तो ‘बरं’ म्हणाला आणि काटकी आगीत सरकवली.

साडेअकराच्या सुमारास समोरून दिवे आले. केंद्रावर धान टाकून परतणारा एक ट्रॅक्टर होता, ट्रॉली रिकामी. माणूस पलीकडच्या गावचा, आमच्या ओळखीचा नव्हे. मला वाटले आता तो ‘अहो, त्यात काय’ म्हणत मदतीला धावेल. कथांतून तसेच वाचले आहे. त्याने आधी कट्टे मोजले आणि बाराशे रुपये सांगितले. भाऊ सहाशेवर. मी मध्ये तोंड घालून ‘देऊन टाक’ म्हणालो तर दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नापसंतीने पाहिले. डिझेल किती जाईल, उलट फेरी किती किलोमीटरांची, रात्रीचे हमाल मिळणार नाहीत, हे सगळे निघाले. आठशेवर तुटले. त्यानंतर मात्र त्या माणसाने शर्ट काढून ठेवला आणि आमच्याबरोबर 102 पैकी निदान तीस कट्टे स्वतःच्या पाठीवर चढवले. माझी बेरीज अकरापर्यंत गेली, मग कंबर धरून बसलो. शेवटी भावजयीने दिलेल्या भाकरी आणि वांग्याची भाजी चौघांत वाटली. त्या घासाघिशीचा कडवटपणा कुणाच्याही जिभेवर नव्हता. मला तो असेल असे वाटले होते, म्हणून लिहिले.

भाऊ मोडक्या ट्रॉलीपाशी थांबला. चाके आणि बॅटरी चोरीला जातात. धानाबरोबर मी गेलो. सकाळी केंद्रावर मापक लावला तेव्हा ताडपत्रीखालचे कट्टे 16 च्या आत निघाले. उघडे राहिलेले नऊ कट्टे 17 च्या वर. ते बाजूला काढून आवारात पसरले आणि दुपारच्या उन्हात मी त्यांत पायाने सऱ्या ओढत फिरलो, लहानपणी आईबरोबर फिरत असे तसा. चारच्या सुमारास ते लागले. संमतीपत्रावर सही केली. अंगठ्याला शाई नव्हती पण ग्रीस होती, आणि त्याचा डाग कागदावर उमटला म्हणून कारकुनाने दुसरा कागद मागितला.

त्या दिवशी संध्याकाळी बेअरिंगचा जोड, सील आणि ग्रीसचा डबा घेऊन मी परत त्या ठिकाणी गेलो. आसाचे टोक वेल्डिंगशिवाय चालणार नव्हते. ते काम आणखी दोन दिवसांनी झाले. पैसे मी दिले. भावाने धानाचे चुकारे आल्यावर ते परत केले, मी नको म्हणत असताना. वाटणीचे बोलणे मार्चमध्ये झाले, फोनवर. मी बोललो आणि त्याने ऐकून घेतले. चार बांध्या माझ्या नावाने वेगळ्या झाल्या, त्यांतल्या दोन विकल्या. घेणारा तोच होता, माझा भाऊ. कर्ज काढून घेतल्या. दर मी ठरवला नाही, त्यानेही नाही. गावच्या दोन माणसांनी ठरवला, आणि त्यावर तो अर्धा तास घासाघीस करीत बसला होता.

शाल परत आली नाही. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा ट्रॅक्टरच्या पेटीत दिसली, पाने आणि टामी तिच्यात गुंडाळलेली. जरीचा काठ शाबूत आहे.