संध्याकाळचा हिशेब

मंडईत बागवानाचा आवाज बंद झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय. आमचा धाकटा भाऊ मंडईत फळांचा गाळा चालवतो. त्याआधी अब्बा बसायचे, त्याआधी आजोबा. ही दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, पुढे महात्मा फुले मंडई झालं. आमच्या घरात नुसती 'मंडई'. अब्बांचा आवाज असा, की तुळशीबागेच्या बाजूनं येणारं गिऱ्हाईक गाळा दिसायच्या आधी भाव ऐकायचं. भावाचाही तसाच होता.

२०२० मध्ये अब्बा कोरोनानं गेले. टाळेबंदी उठली, गाळा उघडला, पण भाऊ गप्प. गिऱ्हाईक समोर उभं आणि हा एकच पेरू पुसत बसलेला. पहाटे तीनला उठून बसायचा. छातीत धडधड, हातापायांना घाम. हृदयाची तपासणी केली, ती व्यवस्थित निघाली आणि घरानं निकाल देऊन टाकला: याला काही झालेलं नाही.

अम्मी पाणी दम करून आणायच्या. चाचा म्हणायचे, धंद्यात लक्ष घाल. आणि आम्ही? बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवलेले, वर्गातलं एखादं मूल चार दिवस गप्प राहिलं तर आईबापांना बोलावून घेणारे आम्ही, सख्ख्या भावाला म्हणालो, "नमाज मन लावून पढत जा. सब्र कर. लोकांचं काय काय गेलं, तू शुक्र करायला शीक." मोठी बहीण, त्यात शिक्षिका. आमच्यापुढे घरात कोण बोलणार? हे आम्ही एकदा नाही, दीड वर्ष म्हणत होतो.

रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर तो आला आणि गाळ्याच्या किल्ल्या आमच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाला, "आपा, मी नमाज चुकवत नाही. उभा राहतो, पण आत काही हलत नाही. अल्लाहनंच तोंड फिरवलं असं वाटतं. त्यात तुम्ही रोज तेच सांगता. या किल्ल्या ठेवा, माझा मला भरवसा नाही."

त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? आम्हाला तो प्रश्न अभद्र वाटला. भावाचा चेहरा मात्र सैल पडला. इतक्या दिवसांत कोणीतरी विचारलं होतं. मग बोलता बोलता खरं बाहेर आलं. अब्बांना गुस्ल देता आलं नाही, खांदा देता आला नाही, लांबून कबर पाहिली. "मी मुलगा म्हणून नालायक," हे तो रोज पहाटे तीनला स्वतःला सांगत होता.

गोळ्या सुरू झाल्या. सोबत समुपदेशकानं एक वही करायला सांगितली, तीन रकान्यांची: काय घडलं, त्यावर मी मनाशी काय म्हणालो, त्याला पुरावा काय. भाऊ वही उलटीसुलटी करून म्हणाला, "हे तर गल्ल्याचं काम झालं." संध्याकाळी गाळा बंद करताना अब्बा तेच करायचे. जमा किती, उधारी किती, नासका माल कोणता. नासकं फळ रात्रभर पाटीत राहिलं तर सकाळपर्यंत शेजारची चार खराब करतं, हे बागवानाच्या पोराला शिकवावं लागत नाही.

आम्हाला मात्र उर्दूच्या तासाला कितीदा सांगितलेला एक शब्द तेव्हा आठवला: मुहासबा. हिसाब याच घराण्यातला. झोपण्यापूर्वी आपणच आपला हिशेब घ्यायचा. बगदादमध्ये ८५७ साली वारलेले हजरत हारिस अल-मुहासिबी यांचं नावच त्यावरून पडलं. त्यांच्या काळाच्या आसपास जन्मलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या निगेवर एकच किताब लिहिली, 'मसालिहुल अबदान वल अनफुस'. दुःख दोन तऱ्हेचं, असं ते सांगतात. एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसऱ्याचं नसतं, आणि त्या दुसऱ्याचं मूळ ते शरीरात शोधतात. घरात जशी औषधं आधीच आणून ठेवतो, तसे धीराचे विचार मन बरं असतानाच जमवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला. ९३४ साली ते वारले. त्यांची मनावरची प्रकरणं इंग्रजीत आणणारे सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री म्हणतात, आज विचार तपासून जो उपचार करतात, तो यांनी तेव्हाच मांडला होता. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी अशा विचारांना हात घालणारी पद्धत मांडली ती १९५५ मध्ये. कोण आधी, कोण नंतर, यात आम्हाला फुशारकी मारायची नाही. आपल्याच कपाटात असलेली गोष्ट आम्ही भावाला दिली नाही, हे टोचतं.

आणि सब्र म्हणजे गप्प बसणं, हे आम्ही कुठून शिकलो? हजरत याकूब (अ.स.) मुलासाठी रडून रडून दृष्टी गमावून बसले. बीबी खदीजा (र.अ.) आणि अबू तालिब गेले ते साल सीरतच्या किताबांत दुःखाचं साल म्हणूनच लिहिलेलं आहे. त्यांच्या ईमानवर कोणी बोट ठेवलं नाही.

वहीतल्या तिसऱ्या रकान्यासाठी भाऊ मस्जिदीच्या इमामसाहेबांकडेही गेला. ते म्हणाले, जे तुझ्या हाताबाहेर होतं, त्याचा जाब तुला कोणी विचारणार नाही. तसंच त्यानं लिहून घेतलं. एका रात्रीत फरक पडला नाही. मध्ये त्यानं मनानंच गोळ्या सोडल्या, पुन्हा धडधड, पुन्हा डॉक्टर. आता डोस कमी झालाय, बंद झालेला नाही. (कोणाच्या घरी अशी रात्र आली आणि डॉक्टर हाताशी नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते.)

गेल्या महिन्यात गाळ्यावर गेलो तेव्हा भाऊ ओरडत होता. पूर्वीसारखा नाही, पण चार गाळ्यांपर्यंत ऐकू जाईल इतका. आम्हाला पाहून म्हणाला, "आपा, तुमची वही कुठंय?"

घरी येऊन शाळेतल्या एका कोऱ्या वहीत रकाने आखले. काय घडलं: भाऊ गप्प झाला. आम्ही मनाशी काय म्हणालो: त्याचं ईमान कच्चं आहे. पुरावा: तिथं बराच वेळ पेन धरून बसलो. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी ते पान त्याला दाखवलं. त्यानं वाचलं, वही मिटून परत दिली आणि म्हणाला, "उद्या येताना पिशवी मोठी आणा. सासवडची सीताफळं येणार आहेत."