सेन्सॉर शब्द कापतो, पडताळणी शब्द मागते



'फुले' हा हिंदी चित्रपट आम्ही उस्मानपुऱ्यातल्या दहा-बारा जणांनी वर्गणी काढून पाहिला. मध्यंतरात बारावीची एक मुलगी म्हणाली, "ताई, महार-मांग हे शब्द काढायला लावले म्हणून एवढा गोंधळ कशाला? 1956 ला आपणच तो शब्द सोडला ना? गेला तर गेला."

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. करूनही नव्हते. हा शब्द आजही शिवी म्हणून कानावर पडतो, मग पडद्यावरून गेला तर वाईट का वाटावे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट 11 एप्रिल 2025 ला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. ट्रेलर पाहून ब्राह्मण संघटनांच्या भावना दुखावल्या. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण पडले, ते दाखवल्याने दुखावले कोण? शेण फेकणाऱ्यांचे वारस! सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीची 'कित्येक वर्षांची' गुलामी करायला लावली. बदलांनंतर 25 एप्रिलला चित्रपट लागला.

हे फुल्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आले असेही नाही. 1855 मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि नाटक छापून यायला 1979 उजाडले. तेव्हा सेन्सॉर बोर्ड नव्हते, पण काय सभ्य आणि काय असभ्य हे ठरवणारे हात होतेच.

त्याच 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. शीर्षकातच दोन्ही शब्द! 1853 मध्ये फुल्यांनी पुण्यात जी शिक्षणमंडळी काढली, तिच्या नावातही तेच. आता हे शब्द काढले तर सावित्रीमाई कोणाला शिकवत होत्या? 'गरीब मुलांना'? गरीब म्हटले की भांडण फक्त भाकरीचे उरते. गरिबाला शिकवले म्हणून अंगावर शेण पडत नाही. गरिबांना शिकवणारा तर दानशूर ठरतो.

त्या मुलीला खरे उत्तर मिळाले ते जूनमध्ये, तिच्याच फायलीत. प्रवेशासाठी जात पडताळणी हवी आणि पुरावा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. मग चुलत आजोबांचा निर्गम उतारा शोधा. नोंद निजामी काळातली, उर्दूत. ती वाचून देणारे चाचा शोधा, भाषांतर करून घ्या. गंगापूर तालुक्यातल्या त्या गावाला आमचे तीन हेलपाटे झाले. सगळे कशासाठी? त्या रकान्यात 'महार' हा एक शब्द सापडावा म्हणून. तो सापडला नाही तर प्रवेश जातो.

म्हणजे एका सरकारी खिडकीवर हा शब्द सिद्ध करायचा आणि दुसऱ्या खिडकीवर तो उच्चारला की समाजाची शांतता बिघडते!

आम्ही तो शब्द सोडला, हे खरे. नागपूरला बाबासाहेबांसोबत, स्वतःच्या तोंडाने 22 प्रतिज्ञा घेऊन सोडला. कोणी कात्री लावून आमच्याकडून तो काढून घेतला नव्हता. आणि सोडला म्हणून आमच्या आजीच्या पिढीला गावच्या विहिरीवर का चढू दिले नाही, हे सांगायचा हक्क सोडलेला नाही.

असाही आक्षेप येतो की पडद्यावर हे शब्द आले तर टवाळखोरांना बळ मिळेल. भीती खोटी नाही. पण टवाळखोर सेन्सॉरची वाट बघत बसत नाहीत. त्यांच्यासाठी कायदा आहे, तो वापरावा.

उतारा हाती आला त्या दिवशी ती मुलगी झेरॉक्सच्या दुकानात बराच वेळ त्या उर्दू ओळीवर बोट ठेवून उभी होती. दुकानदाराने किती प्रती विचारल्यावर म्हणाली, "दोन. एक फायलीला आणि एक घरी ठेवायला."